ठाण्यात सकाळी उशिरा आणि दुपारी लवकर कुठे, कसे खावे: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

ठाण्यात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला पहिल्याच रविवारी "आज बाहेर कुठे खायचे" हा प्रश्न पडतो आणि तो जागेचा प्रश्न आहे असे समजून सगळे मोबाइलवर नावे शोधू लागतात. खरे तर हा प्रश्न बऱ्याच अंशी वेळेचा असतो. मी पाचपाखाडीत राहायला आलो त्या महिन्यात एका रविवारी पावणेबाराला आम्ही चौघे एका चांगल्या उडुपी हॉटेलात शिरलो, तेव्हा इडली आणि मेदूवडा संपलेला होता आणि थाळी लागायला अजून अर्धा तास होता. मधल्या वेळात शेजारच्या टेबलावर आलेला शेवटचा उपमा पाहत बसण्यापलीकडे आम्हाला काही काम उरले नाही. पुढच्या रविवारी धडा घेऊन उशिरा निघालो, तर एका मराठी जेवणाच्या ठिकाणी तीनला दहा मिनिटे कमी असताना पोहोचलो आणि दारातच "जेवण आटोपलं, आता साडेसातला या" असे ऐकून परतलो. दोन्ही ठिकाणी दोष आमचा होता. त्यानंतर मी जागा आधी न ठरवता वेळ आधी ठरवू लागलो, आणि पुढील मार्गदर्शनही त्याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी: आपण किती वाजता जेवणार हे ठरवावे

नाश्ता आणि दुपारचे जेवण यांच्या मधोमध एकदाच भरपेट खाण्याला ब्रंच म्हणतात आणि तो शब्द आता मराठी घरांतही रुळला आहे. शेतावर गेलेल्या माणसाची न्याहारी साधारण याच वेळेला होत असे आणि तीही पोटभर असे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. नवे आहे ते एवढेच की सुट्टीच्या दिवशी त्यासाठी रांगेत उभे राहावे लागते.

ठाण्यातील खाद्यगृहांचे घड्याळ ढोबळमानाने असे चालते. उडुपी हॉटेले सकाळी सातच्या सुमारास उघडतात आणि इडली, वडा, उपमा, शिरा हे पदार्थ दहा-साडेदहापर्यंत ताजे मिळतात. त्यानंतर स्वयंपाकघर थाळीच्या तयारीला लागते, वड्याची कढई उतरते, आणि तवा मात्र तापलेलाच असल्यामुळे डोसा व उत्तप्पा दिवसभर मिळत राहतात. मिसळीच्या दुकानांत रविवारी नऊ ते साडेअकरा ही सर्वांत गर्दीची वेळ असते. मराठी थाळीची ठिकाणे बाराच्या आधी ताट वाढत नाहीत आणि तीनच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सातनंतर पुन्हा उघडतात. घोडबंदर रस्त्याकडील कॅफे सकाळी सावकाश जागे होतात. दहापूर्वी तिथे जाऊन उपयोग नसतो, पण एकदा उघडले की ऑम्लेट आणि पॅनकेक दुपारी चारलाही मिळतात.

या घड्याळातून निघणारा व्यवहार सोपा आहे. नऊच्या आत निघणे शक्य असेल तर इडलीकडे किंवा मिसळीकडे जावे, साडेबाराला निघणार असाल तर थाळीकडे, आणि घरातील मुले अकरानंतरच उठणार असतील तर वाद न घालता कॅफेकडे किंवा डोशाकडे वळावे. अकरा ते बारा हा तास मात्र शक्यतो टाळावा, कारण त्या वेळी एक स्वयंपाकघर संपत असते आणि दुसरे सुरू झालेले नसते.

दुसरी पायरी: शहराचे भाग ओळखून घ्यावेत

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला जांभळी नाका आणि तलावपाळी, त्याला लागून राम मारुती रस्ता, गोखले रस्ता आणि घंटाळी हा नौपाड्याचा परिसर, पुढे पाचपाखाडी, हे जुने ठाणे. स्टेशनवरून उतरलेला माणूस यातील बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांत चालत पोहोचतो आणि त्याने चालतच जावे असा माझा आग्रह आहे, कारण इथले रस्ते अरुंद आहेत, काही एकदिशा आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात मिसळ खाऊन होते. गाडी आणायचीच असेल तर गावदेवी मैदानाखालील वाहनतळात ती लावून पुढे पायी जावे. रिक्षाने येणाऱ्यांनी मीटरचा आग्रह धरावा. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये आहे आणि जुन्या ठाण्यातील बरीच खाण्याची ठिकाणे स्टेशनपासून तेवढ्याच अंतरात येतात.

रेल्वेच्या पलीकडे कोपरी, म्हणजे ठाणे पूर्व. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची इथे जुनी वसाहत आहे, आणि पश्चिमेत आयुष्य काढलेल्या अनेक ठाणेकरांनाही इथली सकाळ माहीत नसते. सिंधी घरांत रविवारच्या नाश्त्याला दाल-पकवान असते: मैद्याची कडक, खुसखुशीत तळलेली पुरी आणि त्यावर घट्ट शिजवलेली चण्याची डाळ, वर चिंचेची चटणी व कांदा. नव्याने आलेल्यांनी कोपरीत सकाळी फेरी मारून, जिथे सिंधी आजी-आजोबा स्वतः पार्सल घेण्यासाठी उभे दिसतील तिथे थांबावे. पकवान घरी नेऊन खाण्यापेक्षा तिथेच खावे, कारण डाळ वर पडल्यावर पाच मिनिटांत ते मऊ पडते.

तिसरा भाग पोखरण रस्ता क्रमांक एक व दोन, वसंत विहार आणि उपवन तलावाचा. उपवनला सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि फिरणे झाल्यावर चहा-नाश्ता असा इथला परिपाठ आहे. उपवनच्या वर येऊर लागते, आणि तिथल्या ढाब्यांची शिफारस नवागताला कुणीतरी हमखास करतो. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीशी जोडलेला जंगलाचा भाग आहे, रात्रीच्या प्रवेशावर तिथे निर्बंध असतात, आणि रात्री मोठ्या आवाजात चालणाऱ्या पार्ट्यांविरुद्ध तिथल्या रहिवाशांची तक्रार जुनी आहे. सकाळी पक्षी पाहायला जावे, जेवायला खाली यावे.

चौथा भाग म्हणजे घोडबंदर रस्ता. माजिवाड्यापासून सुरू होऊन कापूरबावडी, मानपाडा, पाटलीपाडा, वाघबीळ असा तो कासारवडवलीकडे आणि पुढे जातो आणि नव्या ठाण्याची वस्ती मुख्यतः याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. पाटलीपाड्याला आत वळल्यावर हिरानंदानी इस्टेट लागते आणि तिथल्या 'द वॉक' या पट्ट्यात कॅफे व रेस्टॉरंटे एकाला एक लागून आहेत. तुम्ही घोडबंदरला राहत असाल तर नौपाड्याला जाण्याचा बेत सकाळी लवकर ठेवा, आणि नौपाड्यात राहत असाल तर घोडबंदरचा बेत शनिवारच्या संध्याकाळी कधीही करू नका. एका कॉफीसाठी मी त्या रस्त्यावर एकदा पन्नास मिनिटे उभा होतो आणि कॉफी चांगली असूनही तिची चव मला आठवत नाही.

तिसरी पायरी: पहिला रविवार मिसळीला द्यावा

ठाण्यात आलेल्याने मामलेदार मिसळ खाल्ली नाही तर शेजारीपाजारी त्याला ती खायला लावतातच, म्हणून हे काम स्वतःहून उरकून घेतलेले बरे. हे उपाहारगृह १९४६ पासून चालू आहे आणि तहसील कचेरीला लागून असल्यामुळे, तहसीलदाराला पूर्वी मामलेदार म्हणत त्यावरून, लोकांनीच त्याला हे नाव दिले. कचेरीत सात-बाराच्या उताऱ्यासाठी आलेला शेतकरी, कोर्टातला वकील आणि स्टेशनवरून कामाला निघालेला कारकून यांच्यासाठी जी मिसळ होती तीच आता रविवारी गाड्या घेऊन येणारी कुटुंबे खातात. तिच्या शाखाही निघाल्या आहेत, तरी पहिल्यांदा मूळ जागीच जावे.

तिथे गेल्यावर आधी टेबलाच्या अपेक्षा बाजूला ठेवाव्यात. जागा लहान आहे, अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसावे लागते आणि खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसणे हे मागे उभ्या असलेल्यांच्या दृष्टीने असभ्यपणाचे असते. मिसळ तिखट, मध्यम आणि कमी तिखट अशी मिळते. इथे एक इशारा गांभीर्याने घ्यावा: इतर हॉटेलांत "मध्यम" म्हणजे जे असते त्यापेक्षा इथले मध्यम बरेच वरचे आहे. कोल्हापूर किंवा खानदेशातून आलेल्यांनी थेट तिखट मागण्यास हरकत नाही. बाकीच्यांनी, विशेषतः मुले बरोबर असताना, कमी तिखटापासून सुरुवात करावी आणि बरोबर ताक मागवावे.

मिसळ खाण्याचीही एक रीत आहे. ताटली समोर येताच सगळे कालवून टाकण्याची घाई करू नये. फरसाणाचा वरचा थर कुरकुरीत असतानाच पहिले चार घास घ्यावेत, मग रस्सा ओतावा, आणि पाव रश्श्यात बुडवून खावा. रस्सा संपला की पुन्हा मागता येतो, मात्र तो फुकट आहे की त्याचे पैसे पडतात हे प्रत्येक दुकानात वेगळे असते आणि विचारण्यात काही कमीपणा नाही. पुण्याहून आलेली मंडळी सवयीने "सँपल आणा" म्हणतात. ठाण्यात "रस्सा" किंवा "तर्री" म्हटले की काम लवकर होते. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लाल, तेलकट, तिखट भाग, तेव्हा ती मागताना आपण काय मागतो आहोत याची जाणीव असावी.

मिसळीचा दर्जा ओळखायचा असेल तर उसळ पाहावी. मटकी असो की वाटाणा, कडधान्य बोटाने दाबल्यावर सहज चेपले पाहिजे, पण रश्श्यात त्याचे पीठ झालेले नसावे. शेव-फरसाणाचा ढीग मोठा आणि खाली उसळ दोन चमचे, असा प्रकार हल्ली सजवलेल्या, मातीच्या भांड्यांत आणि लाकडी ताटांत मिसळ देणाऱ्या ठिकाणी पुष्कळ दिसतो. भांडे पाहून जाऊ नये.

मिसळीची रांग नको असेल त्याच्यासाठी वडापाव आहे, आणि तो उभ्यानेच खायचा असल्याने वेळेचे बंधन नाही. नौपाड्यात विष्णूनगरजवळचा गजानन वडापाव त्याच्या पिवळ्या, पातळसर बेसनाच्या चटणीसाठी ओळखला जातो, आणि नवखा माणूस ती चटणी पाहून थोडा गोंधळतो, कारण वडापावाबरोबर त्याला लसणाची कोरडी लाल चटणी अपेक्षित असते. पहिला वडा पावात घालून खावा आणि दुसरा वडा नुसता चटणीत बुडवून खावा. स्टेशनजवळच्या कुंजविहारचा वडा आकाराने मोठा असतो. तो एकच घ्यावा, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी त्यावर लस्सी प्यावी.

चौथी पायरी: मराठी ताट आणि उडुपी हॉटेल

बाहेरगावाहून आई-वडील आले की नव्या घरातल्या मुला-सुनेला दोन परीक्षा द्याव्या लागतात: ठिकाण स्वच्छ असले पाहिजे आणि जेवण ओळखीचे असले पाहिजे. नौपाड्यात यासाठी पर्याय आहेत. घंटाळीजवळचे मेतकूट हे शाकाहारी मराठी पदार्थांचे ठिकाण आता बऱ्यापैकी प्रसिद्ध झाले आहे आणि त्यामुळे रविवारी दुपारी दारात नाव लिहून वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी बाराला पाच मिनिटे कमी असताना पोहोचावे. पहिल्या पंगतीत बसणाऱ्याला भात गरम मिळतो, वाढपी थकलेला नसतो, आणि कोथिंबीर वडी किंवा अळूची भाजी "संपली" असे ऐकावे लागत नाही.

मराठी ठिकाणी काय मागवावे हा प्रश्न खरे तर ऋतूचा आहे. हिवाळ्यात थालीपीठ व लोणी, वालाची बिरडी, भरली वांगी; उन्हाळ्यात पन्हे आणि आंब्याच्या दिवसांत आमरस; श्रावणात उकडीचे मोदक आणि अळूचे फदफदे. उपवासाच्या दिवशी, म्हणजे एकादशीला किंवा संकष्टीला, साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडा आणि उपवासाची मिसळ जवळजवळ सगळीकडे मिळते आणि उपवास नसलेले लोकच ती जास्त खातात असे माझे निरीक्षण आहे. थाळी घ्यावी की सुटे पदार्थ, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: दोघेजण असाल तर सुटे पदार्थ वाटून घ्यावेत, चार किंवा अधिक असाल तर निम्म्यांनी थाळी घ्यावी. अमर्यादित थाळी सकाळी भरपेट नाश्ता केलेल्याने घेणे म्हणजे पैसे आणि तब्येत दोन्हींचे नुकसान आहे.

उडुपी हॉटेलांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती मुंबईभर सारखीच आहेत आणि तोच त्यांचा गुण आहे. दोन गोष्टी मात्र नव्या माणसाने लक्षात ठेवाव्यात. वातानुकूलित दालन आणि साधे दालन यांचे दर बहुधा वेगवेगळे असतात, तेव्हा बसण्यापूर्वी कोणत्या दालनाचे मेनूकार्ड आपल्या हातात आहे ते पाहावे. दुसरे असे की इडलीबरोबर सांबार वेगळ्या वाटीत मागावे, अन्यथा ती बुडवूनच येते. ज्या हॉटेलाचे सांबार सकाळी आठला आणि दुपारी दोनला सारख्याच चवीचे असते, तिथला आचारी भरवशाचा समजावा.

गोड आणि चाट यांसाठी पाचपाखाडीचा प्रशांत कॉर्नर सर्वांना ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत तिथे श्रीखंड किंवा मिठाई घ्यायला जाणे म्हणजे अर्धा दिवस काढून ठेवणे होय. एरवी संध्याकाळी पाचच्या आत गेल्यास उभे राहून खायला पुरेशी जागा मिळते.

पाचवी पायरी: मासे खायचे असतील तर पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही पाहावेत

ठाणे हे खाडीकाठचे गाव आहे आणि चेंदणी कोळीवाडा स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मालवणी आणि आगरी-कोळी पद्धतीच्या खानावळी शहरात भरपूर आहेत. आमच्या घरी बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे वार. बहुसंख्य मराठी घरांत असेच असते आणि म्हणून सोमवार-गुरुवारी याच खानावळींत निवांत जागा मिळते. पण गर्दी नाही म्हणजे माशाची उलाढालही कमी, हे ध्यानात घेऊन त्या दिवशी मासा कधी आणला ते विचारावे.

राज्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांनी समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत मेनूवर सुरमई आणि पापलेट असले तरी ते बहुतेक बर्फातले किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेले असते. अशा वेळी सुके बोंबील, सोडे किंवा जवळा यांचे पदार्थ मागवावेत. पावसाळ्यात कोकणातल्या घरांतही हेच शिजते आणि सोड्याची खिचडी नीट जमलेल्या ठिकाणी पापलेटाची आठवण येत नाही. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात जातात, नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरू लागतो, मात्र अनेक घरांत श्रावण पाळला जात असल्याने खानावळींची खरी गर्दी गणपती विसर्जनानंतर सुरू होते.

खानावळीत बसल्यावर ताटाऐवजी आधी सोलकढी मागवून पाहावी. ती ताज्या नारळाच्या दुधाची आणि आमसुलाची असेल तर रंग फिकट गुलाबी असतो. भडक गुलाबी दिसली तर रंग घातलेला असण्याची शक्यता धरावी आणि मासळीबाबतही सावध राहावे. मोठ्या माशाचा भाव अनेक ठिकाणी मेनूवर छापलेला नसतो, तो दिवसाच्या बाजारभावावर ठरतो. तेव्हा तुकडा तव्यावर पडण्यापूर्वी भाव विचारावा. हे न विचारल्यामुळे एकदा एका ठिकाणी दोन सुरमईच्या तुकड्यांचे बिल पाहून माझा मेहुणा जेवणानंतरचे पान खायचे विसरला होता.

सहावी पायरी: कॅफे

घोडबंदर, हिरानंदानी आणि पोखरण रस्त्यावरील कॅफेंत जे मिळते त्याला लोक खऱ्या अर्थाने ब्रंच म्हणतात: अंड्याचे पाच-सहा प्रकार, सावरडो पाव, पॅनकेक, सॅलड, कॉफी. ही ठिकाणे वरचेवर बदलतात, एक बंद होऊन त्याच गाळ्यात दुसरे उघडते, म्हणून नावे देण्यापेक्षा पारख सांगणे अधिक उपयोगाचे आहे. मेनूकार्ड चार पानांपेक्षा मोठे असेल आणि त्यात पास्ता, सिझलर, सुशी, पनीर टिक्का असे सगळे एकत्र असेल तर तिथे फक्त कॉफी प्यावी. पाव तिथेच भाजतात का हे विचारावे. साधे ऑम्लेट मागवून पाहावे. जे स्वयंपाकघर ऑम्लेट मऊ ठेवू शकत नाही त्याच्याकडून एग्ज बेनेडिक्टची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

पदार्थ एका वेळी एकच मागवावा. कॅफेतील ताटल्या दिसतात त्यापेक्षा जड असतात, आणि मुलांनी चित्र पाहून मागवलेला चॉकलेटचा पॅनकेक शेवटी वडिलांनाच संपवावा लागतो. आजी-आजोबांना इथे आणायचे असेल तर आधी बसण्याची व्यवस्था पाहावी, कारण उंच स्टुले आणि खोल सोफे दोन्ही त्यांना त्रासाचे असतात.

सातवी पायरी: बिल वाचावे

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी पैसे इथेच वाचतात. साध्या रेस्टॉरंटमधील जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि तो बिलावर अडीच टक्के केंद्राचा व अडीच टक्के राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. ज्या हॉटेलातील खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक आहे अशा मोठ्या हॉटेलांतील रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो, तेव्हा रविवारच्या ब्रंच बुफेची जाहिरात पाहताना "कर वेगळा" हे बारीक अक्षर वाचावे. याउलट कंपोझिशन योजनेतील, म्हणजे एकूण उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या दुकानदाराला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. त्याच्या बिलावर कराची ओळ दिसली तर विचारावे.

सेवा शुल्क हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेस्टॉरंटला ते बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना वैध ठरवल्या. हिशेब करून पाहावा: ८०० रुपयांच्या जेवणावर जीएसटी ४० रुपये, एकूण ८४०. त्यावर १० टक्के सेवा शुल्क लावले तर रक्कम ८८०, त्यावर जीएसटी ४४, एकूण ९२४. म्हणजे न विचारता ८४ रुपये जास्त गेले. शांतपणे "हे काढून द्या" म्हटले की बहुतेक ठिकाणी दुसरे बिल छापून मिळते. नाही मिळाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वाचलेले पैसे वाढप्याच्या हातात देणे अधिक चांगले, कारण ते त्याला मिळतात याची खात्री असते.

पाण्याच्या बाटलीचे वेगळे आहे. हॉटेलने छापील किमतीपेक्षा जास्त दर लावला तरी त्याला त्यासाठी दोषी धरता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, म्हणून बसताच "साधे पाणी" असे स्पष्ट सांगावे. बिलावर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही असला पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणे बंधनकारक आहे.

वर्षातले काही दिवस असे असतात की तेव्हा खायला बाहेर न पडलेलेच बरे, किंवा मुद्दाम त्यासाठीच पडावे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला आणि दिवाळी पहाटेला नौपाडा व तलावपाळीचे रस्ते माणसांनी भरून जातात आणि वाहनांना बंद असतात. त्या सकाळी राम मारुती रस्त्यावर तरुण मंडळी नटूनथटून उभी असतात आणि खाण्यापेक्षा दिसण्याला महत्त्व असते. ज्याला गर्दी आवडते त्याने घरून फराळ करून जावे आणि बाहेर फक्त चहा प्यावा.

शेवटची पायरी: एखाद्या रविवारी खाडीपलीकडे

ठाण्याची चार-पाच ठिकाणे पायाखालची झाली की नवी मुंबईकडे वळावे. ठाणे स्टेशनच्या फलाट क्रमांक ९ आणि १० वरून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाड्या सुटतात. एक फाटा तुर्भे, सानपाड्यावरून वाशीला जातो आणि दुसरा नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघरवरून पनवेलला. नवी मुंबईत पत्ता रस्त्याच्या नावाने सांगत नाहीत, सेक्टरच्या क्रमांकाने सांगतात, आणि "सेक्टर १५" एवढेच सांगून भागत नाही, कारण सेक्टर १५ वाशीतही आहे आणि बेलापुरातही. उपनगराचे नाव आधी, सेक्टर नंतर, असा क्रम ठेवावा. वाशी स्टेशनला लागूनच दोन मॉल आहेत, पण खाण्यासाठी थोडे पुढे सेक्टर १७ कडे जावे. सीवूड्सला मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे, त्यामुळे पावसाळ्यात मुलांना घेऊन जायला ते सोयीचे. बेलापूरच्या सेक्टर १५ मध्ये रात्रीच्या रेस्टॉरंटांची वर्दळ असते आणि सकाळी तिथे शुकशुकाट असतो. बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू असल्यामुळे खारघरला आतल्या सेक्टरांत जाणेही सोपे झाले आहे.

निघण्यापूर्वी मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल गाड्या बंद ठेवण्याची, सूचना पाहावी. रविवारी तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका आपल्या ब्रंचच्या वेळेला, आणि ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल त्या रविवारी नवी मुंबईचा बेत पुढे ढकलून सकाळी साडेआठला मिसळीच्या रांगेत उभे राहावे.